पदवीनंतरचे शिक्षण : प्रश्न डॉक्टरांचा की आपला?

(ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील महिला गटांच्या आरोग्यविषयक बैठकीत केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



आजच्या बैठकीचा विषय पत्रकावर वाचून दोघीतिघींनी मला विचारले, "सिस्टर, डॉक्टरांनी पदवीनंतर काय शिकावे याच्याशी आपला काय संबंध? आपल्याला वेळेवर खाट मिळाली, औषध मिळाले तरी पुष्कळ झाले." प्रश्न रास्त आहे. खाटेसाठी आणि औषधासाठी भांडावे लागतेच, आणि ते भांडण सोडायचे नाही. पण खाट मिळाल्यावर त्या खाटेपाशी उभा राहणारा माणूस काय जाणतो, काय मानतो, यावर बाईचे पुढचे बरेच काही ठरते. चौतीस वर्षे नर्सिंगमध्ये काढली, त्यातली बरीच ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत. निवृत्तीनंतर डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी स्त्रियांवरील हिंसेबाबत प्रशिक्षण घेणाऱ्या गटाबरोबर काम करते. त्या अनुभवावरून बोलणार आहे.

एक उदाहरण घेऊ. ओठ फाटलेली, दंडावर वण असलेली बाई ओपीडीत येते. शेजारी नवरा किंवा सासू. डॉक्टर विचारतात, "काय झाले?" ती म्हणते, "जिन्यावरून पडले." केसपेपरवर दोन शब्द लिहिले जातात : पडल्याने जखम. टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन होते, गोळ्या मिळतात, बाई घरी जाते. तीन वर्षांनी तीच बाई आपल्यासारख्या एखाद्या गटाकडे येते, कोर्टात जाते. कोर्ट विचारते, पुरावा काय? पुरावा म्हणजे तो केसपेपर. आणि त्यावर लिहिले आहे, पडल्याने जखम. डॉक्टरांनी खोटे लिहिले का? नाही. त्यांनी जे ऐकले ते लिहिले. पण दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वण पडून होत नाहीत, एक वण निळा आणि एक पिवळा असेल तर मार एका दिवसाचा नसण्याची शक्यता असते, हे त्यांनी पाहिले नाही. पाहिले असले तरी लिहायचे असते हे त्यांना कोणी शिकवले नाही. प्रश्न शिक्षणाचा आहे तो असा.

तास मोजले जातात, विषय नाही

डॉक्टरांनी शिकत राहावे असा नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिले आहे की डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान तीस तास अशा शिक्षणाला द्यावेत. आपल्या राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे असते आणि त्यासाठी तीस श्रेयांक दाखवावे लागतात. डॉक्टर मंडळी याला सीएमई म्हणतात. नर्सेसनाही नूतनीकरणासाठी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात.

कागदावर व्यवस्था चांगली आहे. आता प्रत्यक्षात सीएमई कशी होते ते पाहू. रविवारची सकाळ, हॉटेलचा किंवा संघटनेचा हॉल. दारात नोंदवही, तिथे सही केली की श्रेयांक. मधुमेहाचे नवे औषध, रक्तदाबाची नवी गोळी, गुडघ्याची शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून गर्भपिशवी काढण्याचे तंत्र. बाहेर औषध कंपन्यांची टेबले. मग जेवण. यातले पुष्कळ ज्ञान उपयोगाचे असते, ते मी नाकारत नाही. इन्सुलिन कसे द्यावे हे डॉक्टरांना नीट कळले तर तुमचा-माझाच फायदा आहे. पण तीस तासांत कोणते विषय आलेच पाहिजेत याचा आग्रह फारसा कोणी धरत नाही. ज्या विषयामागे विकायला काही आहे, त्या विषयाला हॉल मिळतो. मार खाल्लेल्या बाईला काय विचारावे, या विषयामागे कोणतीही कंपनी उभी नाही. त्यात विकण्यासारखे काही नाही.

डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेऊ नये असे वैद्यक परिषदेने २००९ मध्येच सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतींसाठी नवी संहिता आणली. परदेशात परिषदा भरवायला तिने मनाई केली आणि देशातल्या परिषदांच्या खर्चाबाबत बंधने घातली. हे चांगलेच झाले. पण कंपनीचा पैसा थोडा बाजूला झाला म्हणून स्त्रियांचा विषय आपोआप आत येत नाही. तो कोणीतरी आणावा लागतो.

आपण विसरू नये की तंत्र शिकायला डॉक्टरांना कधीच आग्रह करावा लागलेला नाही. गर्भजलपरीक्षा आली तेव्हा ती किती झपाट्याने पसरली, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. मुलीचा गर्भ ओळखून पाडण्याचा धंदा मुंबई-ठाण्यात उघड चालला होता. तेव्हा स्त्री-संघटना, आरोग्य चळवळीतले लोक आणि काही डॉक्टर एकत्र आले. त्या लढ्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तंत्र डॉक्टरांनी शिकून घेतले. त्या तंत्राने बाईचे काय होते हे चळवळीला सांगावे लागले. आजही काम तेच आहे.

कायदा बदलला, पाठ केलेले तसेच राहिले

समजा एक डॉक्टर १९९५ मध्ये पास झाले आणि कल्याण पूर्वेला दवाखाना घालून बसले. त्यानंतर काय काय बदलले ते मोजू या.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला, ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या नियमांत लिहिले आहे की बाईने आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून कोणतेही वैद्यकीय केंद्र उपचार नाकारू शकत नाही. घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर तो तिथल्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची. आमच्या सत्रांत मी दर वेळी विचारते, हा अहवाल कोणी भरला आहे? हात वर होत नाहीत. "असा फॉर्म असतो?" हेच उत्तर येते.

दुसरी गोष्ट बलात्काराच्या तपासणीची. पिढ्यान्‌पिढ्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून 'दोन बोटांची चाचणी' शिकवली गेली. ही बाई संभोगाची 'सवय' असलेली आहे का, असा शेरा डॉक्टर लिहीत आणि आरोपीचा वकील तोच शेरा कोर्टात वाचून दाखवी. या चाचणीला शास्त्राचा आधार नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये या तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला. नागपूर खंडपीठात याचिका झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत चाचणीला मनाई आहे, बाईच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीचा आग्रह आहे, आणि तिने पोलिसांत जायला नकार दिला तरी उपचार थांबवायचे नाहीत असे स्पष्ट आहे.

तरीही चाचणी चालूच राहिली. म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बोलावे लागले. ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे न्यायालयाने सांगितले. आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचे महत्त्वाचे आहे : न्यायालयाने वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगितला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायला सांगितले. म्हणजे हे शिक्षण कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. तरी तुमच्या शहरात अशी कार्यशाळा कधी झाली, किती जण बसले, हे विचारणारे आपणच.

अभ्यासक्रम एकदा सुधारला की सुधारला, असेही समजू नका. २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने न्यायवैद्यकाचा जो मजकूर काढला, त्यात समलिंगी संबंध 'अनैसर्गिक' गुन्ह्यांत आणि कौमार्य, योनिपटल यांचे 'महत्त्व' पुन्हा आले होते. देशभरातून विरोध झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेतला गेला. डोळा लागला की जुने परत येते.

तिसरी गोष्ट गर्भपाताची. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये बदलला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते, आता कोणत्याही स्त्रीला लागू आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने चोवीस आठवड्यांची मुदत अविवाहित स्त्रियांनाही खुली झाली. आणि एक गोष्ट तर १९७१ पासून तशीच आहे : सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्याने कधीही मागितलेली नाही. पण डोंबिवलीत काय, ठाण्यात काय, दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, "मिस्टर आलेत का?" सही मिळत नाही, दिवस जातात, मग बाई दुकानातून गोळ्या आणते आणि रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री आमच्या वॉर्डात येते. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

२०१३ मध्ये फौजदारी कायद्यात आले की बलात्कारपीडितेवर सर्व रुग्णालयांनी, सरकारी असो वा खाजगी, विनामूल्य उपचार तातडीने केले पाहिजेत. नाकारल्यास शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली तेव्हा कलमांचे आकडे बदलले, कर्तव्य तेच राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर लोक रेल्वेमार्गावर उतरले. पोलिसांच्या दिरंगाईबद्दल आपण सगळ्यांनी प्रश्न विचारले आणि ते योग्यच होते. पण असे मूल आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे नेले जाते. त्या डॉक्टरने काय करायचे, काय लिहायचे, कोणाला कळवायचे, हे त्यांना कोणी शिकवले आहे का, हा प्रश्नही तितक्याच जोराने विचारला पाहिजे.

प्रशिक्षणाने काय साधते

हे होऊ शकते, याचा पुरावा आपल्या जवळच आहे. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केले. रुग्णालयातच, ओपीडीच्या वाटेवर, हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी समुपदेशन. पण केंद्राची खोली उघडून भागले नाही. आधी डॉक्टर, सिस्टर आणि इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे लागले, कारण बाईला त्या खोलीपर्यंत पाठवणार कोण? तेच. पुढे पालिकेच्याच कर्मचाऱ्यांतून प्रशिक्षक तयार झाले, आणि 'दिलासा' मुंबईच्या इतर पालिका रुग्णालयांतही पोहोचले. बाहेरून आलेल्या बाईचे भाषण एकदा ऐकले जाते. आपल्याच वॉर्डातली सिस्टर शिकवते तेव्हा ते टिकते. माझ्या मते 'दिलासा'चा सर्वांत मोठा धडा हाच आहे.

आमच्या सत्रात आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते. सुरुवातीला कायदा सांगत नाही. एक कोरा केसपेपर वाटतो आणि मघाचीच गोष्ट सांगतो : बाई म्हणते जिन्यावरून पडले, अंगावर असे असे वण आहेत. लिहा. मग सगळे कागद वाचतो. बहुतेकांवर तेच दोन शब्द. मग एकत्र बसून नवे लिहितो : 'जिन्यावरून पडल्याचे सांगते. दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूस बोटांच्या आकाराचे वण, वेगवेगळ्या रंगांचे. सांगितलेले कारण जखमांशी जुळत नाही.' चार ओळी. यात कोणावर आरोप नाही, तपासणी आहे. पण या चार ओळी तीन वर्षांनी कोर्टात उभ्या राहतात.

नंतर विचारायचे कसे याचा सराव. नवऱ्याला औषध आणायला पाठवायचे, पडदा ओढायचा, आणि म्हणायचे, "ताई, अशा दुखण्याच्या बऱ्याच बायका आमच्याकडे येतात. काहींना घरी मारहाण होते. तुमच्या बाबतीत तसे काही आहे का?" नाही म्हणाली तर नाही. खोदून विचारायचे नाही. पण दार उघडे आहे हे तिला कळते. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची तत्त्वेही हेच सांगतात : सरसकट प्रत्येकीला प्रश्नावली लावू नका, खुणा ओळखा, खाजगीत विचारा, ऐकून घ्या, विश्वास ठेवा, तिची सुरक्षितता पाहा.

याची गरज किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कधी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्या १४ टक्के. पण याच बायका बाळंतपणाला, तापाला, मुलाच्या डोसाला दवाखान्यात येतातच. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्याची पायरी चढते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक सत्र संपल्यावर कोणीतरी मागे थांबते. कधी सिस्टर, कधी आया मावशी, एकदा एक तरुण डॉक्टर. "मॅडम, जरा बोलायचे होते." आणि मग स्वतःचे सांगते. आरोग्यसेवेतल्या बाया आधी बाया आहेत. ज्यांच्या अंगावर वण आहेत त्यांनीच दुसरीचे वण मोजायचे असतात. प्रशिक्षणात याला जागा ठेवली नाही तर ते कोरडे राहते.

थकलेल्या माणसाला शिकवायचे कसे?

आपल्यातल्या काही मैत्रिणींचे म्हणणे मला माहीत आहे. त्या म्हणतात, प्रशिक्षण-बिशिक्षण पुरे, तक्रारी करा, डॉक्टरांना जबाबदार धरा. नवऱ्याची सही मागणारा डॉक्टर अडाणी नाही, त्याला बाईच्या शब्दावर विश्वास नाही, आणि तो श्रेयांकांनी येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. मी सुशिक्षित, अद्ययावत आणि तरीही मग्रूर माणसे पाहिली आहेत.

पण दुसरी बाजूही ऐका. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळले की ठाणे जिल्ह्याचा किती भार या एका रुग्णालयावर येतो. शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण तिथे येतात. अशा ठिकाणी एका सिस्टरला दिवसभराच्या प्रशिक्षणाला सोडायचे तर तिचा वॉर्ड कोण सांभाळणार? मेट्रनला हा प्रश्न खराच पडतो. मग पाठवले जाते कोणाला? जी रजेवर जाणार आहे तिला, किंवा जिची पुढच्या महिन्यात बदली आहे तिला. कंत्राटी सिस्टरला तर बोलावतच नाहीत, आणि रात्रीच्या पाळीला बाईसमोर तीच असते.

म्हणून माझी भूमिका अशी : तक्रार आणि प्रशिक्षण यांत निवड करायची नाही. ज्याला नियम माहीत नव्हता त्याला शिकवा. शिकवल्यानंतर मोडला तर तक्रार करा. शिकवण्याची नोंद असेल तर "मला ठाऊक नव्हते" ही पळवाट उरत नाही. मात्र प्रशिक्षणाचे ओझे सिस्टरच्या सुट्टीच्या दिवसावर टाकायचे नाही. ते कामाच्या वेळेत झाले पाहिजे, आणि त्यासाठी जागा भरल्या पाहिजेत. भरतीची मागणी आणि प्रशिक्षणाची मागणी एकाच निवेदनात लिहा.

वस्तीतल्या डॉक्टरांचेही तसेच. आपल्या चाळींतून, झोपडवस्त्यांतून बायका अनेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे जातात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाही, यावर २०१४ च्या कायदाबदलापासून वाद आहे. २०२५ मध्ये तो पुन्हा पेटला. त्या वादात मला शिरायचे नाही. मला एवढेच दिसते की कोणत्या गोळ्या लिहायच्या यावर भांडण होते, समोरच्या बाईचे कसे ऐकायचे यावर होत नाही. आणि दाराशी येणारी आशाताई? सर्वांत आधी तिला कळते. तिच्या प्रशिक्षणात लसीकरण असते, नोंदवह्या असतात. मार खाणाऱ्या शेजारणीला कुठे न्यायचे, हेही तिला शिकवले पाहिजे.

आपण काय करायचे

मागण्या नेमक्या असाव्यात, म्हणून मोजून सांगते.

एक. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तीस श्रेयांकांतले काही ठरावीक तास स्त्रियांवरील हिंसा, लैंगिक अत्याचाराची तपासणी आणि गर्भपात कायदा यांसाठी राखून ठेवावेत. नर्सिंग परिषदेनेही तसेच करावे.

दोन. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथल्या डॉक्टरांच्या संघटनांना पत्र द्यावे : वर्षातली एक सीएमई या विषयावर घ्या, वक्त्यांबरोबर एक कार्यकर्ती बसू द्या.

तीन. कळवा रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, या प्रत्येक ठिकाणी माहितीच्या अधिकारात विचारावे : २०१४ च्या तत्त्वांवर शेवटचे प्रशिक्षण केव्हा झाले, कोणत्या पदाचे किती जण होते, कंत्राटी किती होते. अर्जाचे दहा रुपये आपण गटातून भरू.

चार. ओपीडीत मराठीत आणि हिंदीत फलक लावायला लावावा : गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही; तक्रार नसली तरी उपचार मिळतील; अहवालाची प्रत विनामूल्य मिळेल.

पाच. बाईबरोबर रुग्णालयात गेलात की केसपेपर घरी न्यायच्या आत वाचा. काय लिहिले ते समजले नाही तर विचारा. जखमांची नोंद राहिली असेल तर तिथेच सांगा, आवाज न चढवता.

शेवटी एक सांगते. ३१ मार्च १८६५ रोजी याच कल्याणात आनंदीबाई जोशी जन्मल्या. दहा दिवसांचे मूल गेले, बायकांना तपासायला बाई डॉक्टर नव्हती, म्हणून ती मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तेव्हा बाई डॉक्टर होणे हाच लढा होता. आज आपल्या रुग्णालयांत बाई डॉक्टर आहेत, सिस्टर तर आहेतच. आता लढा पुढचा आहे. त्यांनी काय शिकावे हे ठरवताना, ज्यांच्या अंगावर ते शिक्षण वापरले जाते त्या बायकांचेही ऐकले गेले पाहिजे. पहिला माहिती अर्ज या आठवड्यातच लिहू. ज्यांना माझ्याबरोबर बसायचे आहे त्यांनी बैठक संपल्यावर नावे द्यावीत.